ताटाशेजारची वाटी

प्रयागबाई या माझ्या धाकट्या भावाच्या, दिनकरच्या, पत्नी. धाकट्या भावजयीला अहो-जाहो करण्याची आमच्या घरात रीत नाही. त्यांच्या हयातीत मीही ते कधी केले नाही. इथे करणार आहे.

आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भाया म्हणतात. भायासमोर भावजयीने उभे राहायचे नाही, पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचे नाही, असा दंडक. ही रीत चांगली की वाईट, हा प्रश्न येथे नाही. प्रयागबाईंनी ती पाळली, आणि ती पाळूनही मला जे सांगायचे ते सगळे सांगितले, एवढेच नोंदवतो.

मी गेवराईच्या न्यायालयात कारकून होतो. निवृत्त झाल्यावर चकलांब्याला परत आलो. पत्नी आधीच गेली होती. दिनकरचे घर आणि माझ्या दोन खोल्या एकाच अंगणात. आई बहिरी झालेली. दिनकर दिवसभर रानात. त्याची मुलगी सासरी. मग माझ्यापर्यंत निरोप पोहोचवायचा कोणी? प्रयागबाईंनी त्यासाठी म्हैस नेमली. तिचे नाव तानी.

"ऐकलंस का तानाबाई," त्या शेण काढता काढता खणखणीत आवाजात म्हणत, "दादा उद्या बीडला जाणार हायत म्हणं. ह्यांच्या गोळ्या संपत आल्यात. आणल्या तर बरं व्हईल."

मी ओसरीवरून म्हणे, "आणतो." तेही म्हशीकडे पाहूनच.

म्हैस चरायला गेलेली असेल तर खांबाला सांगत. एकदा दोरीवर वाळत असलेल्या माझ्या सदऱ्याला त्यांनी सांगितलेले मी ऐकले आहे. "ह्या सदऱ्याच्या धन्याला म्हणावं, जेवण झालंय, गार करू नका." शेजारची माणसे हसत. प्रयागबाई हसत नसत. त्यांच्या दृष्टीने तो व्यवहार होता आणि तो चालला होता.

ठेंगणा बांधा, झपाझप चाल, रुपयाएवढे कुंकू. चहा बशीतून पीत. कीव त्यांना खपत नसे. नळावर एकदा एका बाईने, वेड्याची बायको आली, असे हळूच म्हटले. प्रयागबाईंनी घागर खाली ठेवली. "व्हय, मी त्याचीच. तो सकाळधरनं रानात हाय. तुझा शाणा कुठं बसलाय गं? पारावर पत्ते पिसायलाय का?" त्यानंतर नळावर तो विषय निघाला नाही.

दिनकरच्या आजाराविषयी थोडे सांगणे भाग आहे. तो मुळात अबोल शेतकरी. तिशीच्या आत एका वर्षी अचानक त्याचे बोलणे वाढले. झोप गेली. गावजेवणाची आमंत्रणे देऊ लागला. एके दिवशी त्याने उभ्या कापसात नांगर घातला. मी रजा काढून आलो तेव्हा अर्धे रान उलथले होते.

"हे काय चालवलं आहेस?" मी विचारले.

"दादा, गावातल्या पोरांना खेळायला जागा न्हाई. मैदान करायलोय," तो म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. बांधावर बसून पोरे टाळ्या वाजवत होती.

काही महिन्यांनी हाच माणूस गोठ्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. जेवण नाही, बोलणे नाही. गाव म्हणाले, बाहेरचे आहे. गंडेदोरे झाले. शेवटी बीडच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिले. बायपोलर. कधी मन उधळते, कधी तळाला जाते. औषध दीर्घकाळ घ्यावे लागेल, बरे वाटले तरी स्वतःहून थांबवायचे नाही आणि अधूनमधून रक्त तपासावे लागेल, असे त्यांनी सांगितले.

प्रयागबाई तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होत्या. गोळ्या देण्याचे काम आईकडे आले. दिनकर घेईना. आईने त्यावर उपाय काढला. गोळी कुटायची आणि पिठल्यात कालवायची. तिला दोष देत नाही. आमच्या भागात बहुतेक घरांत तेच करतात. दिनकरला एक दिवस पिठले कडू लागले. त्याने ताट अंगणात भिरकावले आणि घरचे अन्न बंद केले. चौकातल्या हॉटेलात भजी खाऊन राहू लागला. आई त्याला विष घालते, असे सांगत फिरू लागला.

निरोप गेला तशा प्रयागबाई तान्ह्या मुलीला घेऊन आल्या. मी पुन्हा रजा काढून आलो होतो, ओसरीवर बसलो होतो. त्यांनी मुलीला आईच्या मांडीवर दिले, गोळ्यांची पाकिटे मागून घेतली आणि दिनकर बसला होता तिथे त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ह्या तुमच्या गोळ्या. ह्याच पिठल्यात व्हत्या. मायनं घातल्या, तुमी बरं व्हावं म्हणून घातल्या. आजपास्नं तुमच्या ताटात चोरून काही पडणार न्हाई."

"मी घेणार न्हाई," दिनकर म्हणाला.

"नका घेऊ. पण घरी जेवा."

आई रागावली. नंतर चुलीपाशी तिने त्यांना बरेच ऐकवले. प्रयागबाईंनी तिच्या कानाशी तोंड नेऊन एकच उत्तर दिले, आणि बहिऱ्या माणसाशी बोलायचे असल्याने ते अंगणभर ऐकू आले. "माय, गोळी कडू लागली तर थुकता येती. घरचं माणूस खोटं निघालं तर ते कुठं थुकावं?"

त्या रात्रीपासून दिनकरच्या ताटाशेजारी एक लहान पितळी वाटी येऊ लागली. वाटीत गोळी. झाकलेली नाही. प्रयागबाई वाढत, समोर बसत आणि गोळीबद्दल अक्षर काढत नसत. सुरुवातीचे दिवस वाटी तशीच परत गेली. मी बेचैन होतो. डॉक्टरांना कळवण्याच्या बेतात होतो. तेव्हा त्यांनी दिनकरला विचारले ते असे, "कावून नको वाटती? नुसतं न्हाई म्हणू नका. काय व्हतंय ते सांगा."

कोणी त्याला हे विचारले नव्हते. मीही नाही. तो म्हणाला, तोंड कोरडे पडते, सकाळी अंग दगडासारखे होते, बैल जुंपायला उठवत नाही.

"मग हे डाक्टरला सांगायचं. मी येते संगं."

डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि घेण्याची वेळ व मात्रा बदलून दिली. त्यानंतर वाटी रिकामी परत जाऊ लागली. दिनकर जेवण झाल्यावर प्रथम त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत असे, शाबासकी हवी असल्यासारखा. प्रयागबाईंनी तेही मोडून काढले. "वाटीकडं बघा. माझ्याकडं कशाला? मी का शाळामास्तर हाय?"

औषधाबाबत त्यांच्या काही पक्क्या सवयी होत्या. सगळ्या डॉक्टरांना विचारून लावून घेतलेल्या. मी गोळ्या आणल्या की त्या जुने पाकीट शेजारी ठेवून पाहत. रंग वेगळा दिसला की तानीला विचारणा होई, "दादांनी दुकानदाराला इचारलं का गं, ही तीच हाय म्हणून?" मी पुन्हा जाऊन विचारून येई. गुडघेदुखीची किंवा तापाचीही गोळी दिनकरच्या पोटात बीडला विचारल्याशिवाय जात नसे. एका लग्नात मुक्काम पडला आणि गोळी चुकली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपैकी एक शहाणा म्हणाला, आज दोन घे, हिशेब बरोबर. दिनकरने प्रयागबाईंकडे पाहिले. "कालची काल गेली," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हणलेत दोन कधीच न्हाई. आजची आज."

दिनकर चांगला असला की त्याला हमखास एक प्रश्न पडे. "मला आता काय झालंय? ठणठणीत हाय. कावून खाऊ गोळ्या?"

"ठणठणीत हाव ते कशानं?"

"माझ्या मनाच्या बळानं."

"मग त्या बळालाच सांगा वाटी उचलायला."

तो हसे आणि उचले. मी हे ओसरीवरून पाहिलेले आहे. मी त्यात नव्हतो.

एक काळ असा आला की दिनकर पुन्हा गोठ्यात जाऊन पडू लागला. बोलणे तुटले. तेव्हा प्रयागबाई एका सकाळी माझ्या दाराशी एक फडक्यात बांधलेले गाठोडे ठेवून गेल्या. जाताना दावणीकडे तोंड करून म्हणाल्या, "तानाबाई, हे दादांच्या पेटीत राहू दे. पेटीला कुलूप असू दे. रोजचं मी रोज मागून घेईन." आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. मी गाठोडे उघडून पाहिले. घरातल्या सगळ्या गोळ्या होत्या, आणि रानात फवारायच्या औषधाची बाटलीही होती. मला कोणी काही समजावले नाही. मी कुलूप लावले. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारण्याआधीच प्रयागबाईंनी दिनकरसमोर सांगितले, "ह्यांच्या मनात नको ते येतंय. आमी औषध कुलपात ठिवलंय." दिनकर रडला. डॉक्टरांनी त्याच्या एकट्याशी बराच वेळ बोलून घेतले आणि भेटी जवळजवळच्या ठेवल्या. ते दिवस गेले. पेटी मात्र पुष्कळ दिवस माझ्याकडेच राहिली. घाई त्यांनी केली नाही.

तो सावरल्यावर त्यांनी एक करार केला. मला ओसरीवर बसवले, साक्षीला. बोलला दिनकरच, पण शब्द कोणाचे होते हे उघड होते. "दादा, मी बरा असताना कबूल करायलोय. मला चढाय लागलं तर मला कळत न्हाई, हिला कळतं. हिनं 'चला' म्हणलं की त्या दिवशी वाद न्हाई. बीडला जायचं."

"आणि तू नाही म्हणालास तर?" मी विचारले.

"तर तुमी मला आजचा दिवस ध्यानात आणून द्या."

त्यांना कसे कळे, तेही सांगतो. नांगरटीत दिनकर बैलांच्या मागे चालणारा माणूस. पावले पुढे पडू लागली, तो बैलांच्याही पुढे जाऊन त्यांना ओढू लागला, की प्रयागबाई बांधावर उभ्या राहून पाहत. नंतर घरी येऊन त्याच्या बोलण्याकडे कान देत. लगेच निष्कर्ष काढत नसत.

पोळ्याचा दिवस. वेशीत गावचे बैल उभे. शिंगांना रंग, पाठीवर झुली. दिनकर आठवडाभर आधीपासून बोलत सुटला होता. त्या दिवशी तो आपले बैल सोडून सगळ्यांच्या बैलांपुढे नाचत होता आणि पुढच्या वर्षी साऱ्या गावाला चांदीच्या झुली वाटतो, असे ओरडून सांगत होता. माणसे त्याला आणखी चढवत होती.

वेशीत त्या वेळी बायका येत नाहीत. प्रयागबाई आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. गर्दीतून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"चला."

"ए दिन्या, घरधनीण आली बे न्यायला!" कोणीतरी ओरडले. हशा पिकला.

"पोळा फुटू दे. मग येतो," दिनकर म्हणाला.

"आपलं काय ठरलंय?"

"आज सणाचा दिवस हाय, प्रयाग."

"सण दर साल येतो. चला."

दिनकरने गर्दीत मला शोधले. मी नजर वळवली नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग तो मागे आपल्या बैलांपाशी गेला आणि त्यांचा कासरा शेजारच्या गड्याच्या हातात दिला. त्या गड्याने तोंड उघडलेच. "जा, जा. बायकोचा बैल."

प्रयागबाई चालता चालता थांबल्या. "बैल हाय, पर दावणीचा. तुमच्यावानी मोकाट न्हाई."

या वेळचा हशा वेगळ्या दिशेने गेला. ती दोघे सणाच्या कपड्यांतच बीडच्या गाडीत बसली. औषधात वेळीच बदल झाला. त्या वर्षी आमच्या रानात कापूस वेचणीपर्यंत उभा राहिला. मला तेवढे पुरे होते.

त्यानंतरचे वर्ष शांत गेले. आणि त्या शांततेतूनच सर्वात मोठा धोका उभा राहिला. तो प्रयागबाईंनी ओढवून घेतला, म्हणून तोही सांगितला पाहिजे. या गोष्टीशिवाय त्यांचे चित्र खोटे ठरेल.

त्यांनी गावदेवीला बोलून ठेवले होते की हे वर्ष नीट गेले तर दोघेही श्रावण अळणी करू. अळणी म्हणजे महिनाभर बिनमिठाचे जेवण. आमच्याकडे हा नवस जुना आहे. दिनकरही आनंदाने तयार झाला. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. गोळी बदलली की त्या डॉक्टरांना विचारत. मीठ ही विचारण्याची गोष्ट आहे, हे कोणाच्या डोक्यात येणार?

श्रावण होता, पण पाऊस ओढ देऊन बसला होता. कडक ऊन. दिनकर खुरपणीला जाई, घामाने निथळत परत येई, बिनमिठाची भाकरी आणि वरण खाई. काही दिवसांनी त्याच्या हातातला चहा हिंदकळू लागला. मग एका सकाळी जुलाब सुरू झाले, उलट्या झाल्या. त्याच दुपारी तो अंगणातून झोकांड्या खात आला. बोलताना जीभ जड. आई म्हणाली, नवसात काही उणे राहिले. शेजारी म्हणाले, पिऊन आला. मी म्हणालो, ऊन लागले असेल, झोपू द्या.

प्रयागबाईंनी त्याचा हात हातात घेऊन पाहिला. तो थरथरत होता. त्यांनी त्याला ओसरीवर निजवले, उठल्या, आणि अंगण ओलांडून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर आला होता. त्यांनी तो सावरला नाही.

"दादा, गाडी सांगा. आत्ता. डाक्टर म्हणलेत, हात असा थरथर कापाय लागला आणि जुलाब झाले तर गोळी थांबवायची आणि निघायचं."

त्या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याशी उच्चारलेले हे पहिले शब्द. मी गाडी आणली.

बीडला डॉक्टरांनी रक्त तपासले. त्याला लिथियम नावाचे औषध चालू होते आणि रक्तात त्याचे प्रमाण फार वाढले होते. सलाईन लागले. धोका आहे, असे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. मग विचारले, "गोळी जास्त गेली का? दुसरे काही औषध? खाण्यापिण्यात काही बदल?"

"गोळी तेवढीच. दुसरं काही न्हाई," प्रयागबाई म्हणाल्या. "मीठ बंद हाय. मी बंद केलं. नवस माझा व्हता."

आई तिथे होती, मी होतो, दोन परिचारिका होत्या. त्यांनी आवाज खाली आणला नाही की सबब जोडली नाही. मी आयुष्य न्यायालयात काढले. माणसे स्वतःवरचा दोष कोणत्या रीतीने सांगतात ते ऐकून होतो. अशा रीतीने कोणी सांगितलेला मी ऐकला नव्हता.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून समजावले. शरीरात मीठ कमी पडले, त्यात घाम आणि जुलाब, की शरीर हे औषध बाहेर टाकत नाही, धरून ठेवते. मग तेवढीच गोळी जास्त होते. मीठ रोजच्यासारखे ठेवायचे, कमी नाही आणि वाढवूनही नाही. पाणी भरपूर. उपास करायचा तर आधी विचारायचे. "हे मी पहिल्यांदाच बजावायला हवे होते," असेही ते म्हणाले. आणि शेवटी, "तुम्ही लगेच आणलेत आणि खरे सांगितलेत, म्हणून मार्ग सापडला."

काही दिवस आम्ही तिथे होतो. दिनकरची जीभ मोकळी झाली. पहिले वाक्य तो बोलला ते, "प्रयाग, भाकरीला मीठ घाल बाई आता." त्या हसल्या आणि मग बाहेर जाऊन बराच वेळ आल्या नाहीत.

घरी आल्यावर आईने नवस मोडल्याचा धसका घेतला. देवी कोपेल, म्हणून ती जेवेना. प्रयागबाई ओटीचे सामान घेऊन देवळात गेल्या. परत आल्यावर आईच्या कानाशी ओरडून म्हणाल्या, "माय, बोलून आले देवीशी."

"काय म्हणाली?"

"काय म्हणंल? बाईमाणूस हाय. समजलं तिला. ह्यांचा वाटा मी खाते म्हणलं."

ह्यांचा वाटा म्हणजे अळणी. राहिलेला श्रावण त्यांनी एकटीने पुरा केला आणि आपले झाल्यावर पुन्हा तितकेच दिवस दिनकरच्या वाट्याचे केले. त्याच्या ताटात मात्र मीठ डॉक्टरांनी सांगितले तसे. "देवाला काय बोलायचं ते माझ्या जिभंवर," असे त्या पुढे म्हणत. "ह्यांच्या ताटात न्हाई."

गावात परतल्याच्या दुसऱ्या सकाळी मी अंगणात आलो. त्या म्हशीपाशी होत्या. मला वाटले, आता समोरून बोलतील. पदर डोक्यावर आला. "तानाबाई, दादांना म्हणावं, गाडीवाल्याला जेवायला बोलवा. धावून आला बिचारा." मी म्हशीला म्हणालो, "बोलावतो." आमचा व्यवहार पूर्ववत सुरू झाला.

प्रयागबाईंना जाऊन आता दोन वर्षे होतील. परभणीला, मुलीच्या घरी, सकाळी चहा गाळताना हृदय थांबले. त्यांना चकलांब्याला आणले. अंत्यविधी झाला. संध्याकाळी शेजारच्या घरातून पिठले-भाकरी आली. दिनकर दोन घास खाऊन उठला आणि फळीवरून गोळी घेतली. नात्यातली एक मावशी म्हणाली, "आज राहू दे रे. सुतक हाय."

"सुतक मला हाय, मावशे. गोळीला न्हाई," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. तशी गरज पडली नाही. गेल्या हिवाळ्यात तो एकदा स्वतःहून माझ्या दाराशी आला. "दादा, झोप उडालीय माझी. डोकं पळायलंय. बीडला जाऊ." आम्ही गेलो. डॉक्टरांनी औषधात थोडा बदल केला, तो घरी आला, आठवड्याने रानात गेला. माझा भाऊ आहे. जेवतो, पेरतो, नातवाशी फोनवर बोलतो. तो कोणामुळे आहे हे मला माहीत आहे. त्यांना हे सांगण्याची सोय आमच्या रीतीत नव्हती, आणि रीत मोडण्याचा विचार मला त्या असताना सुचला नाही. म्हणून हे लिहिले.

त्यांना मी हयातीत शेवटचे पाहिले ते गेवराईच्या बसस्थानकावर. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या निघाल्या होत्या. इतक्या वर्षांत दिनकरला सोडून इतके दिवस कुठे जाण्याची ती पहिली वेळ. आम्ही दोघे पोहोचवायला गेलो. परभणीची गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता. प्रयागबाईंना खिडकीची जागा मिळाली. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर. दिनकर खाली, खिडकीशी. मी त्याच्या मागे.

"शेवग्याच्या शेंगा उतरवून घ्या," त्या त्याला म्हणाल्या. "निबर व्हतील. आणि मायच्या अंथरुणाला ऊन दाखवा."

"बरं."

"दार पुढं ओढून घेत जा. मांजर शिरतंय."

"बरं."

इंजिन सुरू झाले. एवढेच सांगून त्या थांबल्या. मला राहवले नाही. मी दिनकरकडे तोंड करून, पण त्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "औषधाचे सांगायचे राहिले वाटते."

प्रयागबाईंना हसू आले. पदर तोंडाशी धरून त्या दिनकरलाच म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? तुमचं तुमी घेताव की."

गाडी हलली. शेजारी बसलेल्या बाईने पिशवी सरकवली आणि त्या तिच्याकडे वळल्या. काहीतरी विचारत होत्या, बहुधा कुठे निघालात म्हणून. दिनकर हात वर करून उभा होता. गाडी स्थानकाच्या फाटकातून बाहेर पडली, महामार्गाला वळली. त्या शेजारणीशी बोलत होत्या. मागे वळून त्यांनी पाहिले नाही.